एटीकेटी लागली तरी शिष्यवृत्ती जात नाही: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती टिकवायची कशी

"सर, दोन विषय राहिले ना, आता फारम कायले भरू?"

उन्हाळी परीक्षेचे निकाल लागले की हा प्रश्न दरवर्षी कानावर येतो. विचारणारा मुलगा बहुधा घरून रोज एसटीनं ये-जा करणारा असतो. त्याचा हिशेब झालेला असतो: विषय राहिले म्हणजे नापास, नापास म्हणजे शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे शिक्षण बंद. मग तो फॉर्म भरत नाही, फी थकते, आणि दिवाळीनंतर तो नागपूरला किंवा पुण्याला कुठल्यातरी कंपनीत लागलेला असतो. हिशेबातली पहिलीच पायरी चुकीची होती हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. काही विषय राहूनही पुढच्या वर्गात जाता येतं, त्यालाच एटीकेटी म्हणतात.

पहिल्या वर्षाचा फॉर्म कसाबसा भरला जातोच. प्रवेशाच्या गडबडीत कॉलेजचे बाबू मागे लागतात, नेटकॅफेवाला भरून देतो, घरचे दाखल्यांसाठी तहसीलच्या चकरा मारतात. दुसऱ्या वर्षी कोणी मागे लागत नाही, आणि शिष्यवृत्ती तर दरवर्षी नव्यानं मंजूर व्हावी लागते. त्यासाठी पाहिलं जातं ते एवढंच: वर्गात हजेरी किती, निकाल काय लागला, आणि नूतनीकरणाचा फॉर्म वेळेत व बरोबर भरला का. माझ्या पाहण्यात नापास होऊन शिष्यवृत्ती गमावणारे कमी असतात, हजेरी आणि फॉर्ममध्ये गमावणारे जास्त.

आधी आपली योजना कोणती ते बघा

"मला स्कॉलरशिप मिळते" एवढं माहीत असून भागत नाही. शेजारी बसणाऱ्या मित्राची योजना वेगळी असू शकते आणि तिच्या अटीही वेगळ्या. मागच्या वर्षीच्या अर्जाची प्रिंट काढा. वरच योजनेचं पूर्ण नाव असतं. ते वहीत लिहून ठेवा.

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातीसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २.५ लाख रुपये. यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि वर निर्वाह भत्ता मिळतो. अनुसूचित जातीच्या योजनेत घरून ये-जा करणाऱ्या बीए-बीकॉमच्या विद्यार्थ्याला भत्ता वर्षाला ३,००० रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला ६,०००. इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक पदवीला हेच आकडे ७,००० आणि १३,५०० आहेत. म्हणजे वसतिगृहाचा दाखला जोडायचा राहिला तर जवळपास अर्धा भत्ता गेला.

ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाच्या योजना वेगळ्या आहेत. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. मुलींसाठी २०२४-२५ पासून आणखी एक बदल झाला. ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मं होतं.

बारावीला चांगले गुण पडलेल्यांना केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती मिळते, पदवीच्या पहिल्या ३ वर्षांसाठी वर्षाला १२,००० रुपये. तिचा अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा असतो आणि तिची नूतनीकरणाची अट कडक आहे: मागच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी. इथे नुसतं पास होऊन चालत नाही, ४८ टक्के पडले की ती थांबली. दुसरी कुठली शिष्यवृत्ती घेत असाल तर ही घेता येत नाही. दोन्हीकडे अर्ज करून बसलेली मुलं नंतर दोन्हीकडे अडकतात. कोणती घ्यायची ते आधीच ठरवा.

राहण्या-खाण्याचे पैसे हा आणखी वेगळा कप्पा. अनुसूचित जातीच्या ज्या मुलांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. नागपुरात शिकत असाल तर वर्षाला ६०,००० रुपये, अमरावती, अकोला, चंद्रपूर अशा इतर महापालिका शहरांत ५१,०००, आणि यवतमाळ-बुलडाण्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं योजना आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. यांचा अर्ज वेगळा करावा लागतो. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला म्हणजे स्वाधारचाही झाला, असं समजून वर्ष घालवलेली मुलं दरसाल भेटतात.

हजेरी: ७५ टक्के म्हणजे नेमके किती दिवस

परीक्षेला बसू देण्यासाठी ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. एका सत्रात साधारण ९० दिवस शिकवणं होतं: १५ आठवडे, आठवड्याला ६ दिवस. त्याचे ७५ टक्के ६७.५, म्हणजे ६८ दिवस हजर राहावं लागतं. सुट्टीसाठी हाती उरतात २२ दिवस.

आता हे २२ दिवस शेतकऱ्याच्या घरात कसे जातात ते बघा. पोळा आणि महालक्ष्म्यांना गावी राहिलात, ३ दिवस. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन सोंगणी, मजूर मिळत नाही म्हणून ८ दिवस. कापूस फुटला, वेचणीला आईसोबत ९ दिवस. मधे ताप आला, ४ दिवस. झाले २४. पोरानं एकही दिवस उनाडक्या केल्या नाहीत, तरी हजेरी गेली. जानेवारीत तूर निघते तेव्हा दुसरं सत्र सुरू झालेलं असतं, तिथे पुन्हा पहिल्यापासून मोजणी. मेळघाटात आणि गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं येतात आणि मेमध्ये तेंदूपत्ता, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर.

शेतात जाऊ नका असं सांगण्यात अर्थ नाही. ज्या घरात वेचणीच्या पैशावर वर्ष चालतं तिथे मुलगा जाणारच. दिवस मोजून जा, एवढंच म्हणणं आहे. सत्राच्या सुरुवातीला वहीच्या मागच्या पानावर २२ रेघा ओढा आणि एक दिवस बुडाला की एक रेघ खोडा. सोंगणी आणि वेचणीसाठी १५ ठेवल्या तर आजारपणाला ७ उरतात. आणि जमलं तर प्रात्यक्षिकाचे दिवस वगळून जा. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकाची हजेरी वेगळी मोजतात, शिवाय बुडालेलं प्रात्यक्षिक घरी वाचून भरून निघत नाही.

महिन्याच्या शेवटी वर्गशिक्षकांना आपली हजेरी विचारा. सत्र संपल्यावर विचारून काही हाती लागत नाही. काही कॉलेजांत बोटाचा ठसा घेतात, आणि शेतात काम करून बोटं घासलेली असली की मशीन ठसा उचलत नाही. असं झालं तर त्याच दिवशी ऑफिसात सांगा आणि रजिस्टरवर सही करून या.

आजारी पडलात तर सरकारी दवाखान्याचा किंवा नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला बरं झाल्या-झाल्या द्या. एनएसएसचं शिबिर, विद्यापीठाचा युवा महोत्सव, खेळाच्या स्पर्धा यांत गेलेले दिवस हजेरीत धरून घेता येतात, पण त्यासाठी कार्यक्रम अधिकाऱ्याचं पत्र प्रत्येक विषयाच्या शिक्षकाकडे पोचायला हवं. शिबिराच्या यादीत नाव होतं म्हणून आपोआप धरतील या भरवशावर राहू नका.

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडची मुलं सांगतात ती अडचण निराळी. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुकाच तुटतो. अशा वेळी घरी अडकलात तर रस्ता बंद असल्याचं ग्रामपंचायतीचं पत्र आणि जमलं तर बातमीचं कात्रण जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या. मान्य करायचा की नाही ते त्यांच्या हातात. अर्जच नसेल तर त्यांच्याही हातात काही राहत नाही.

सगळ्या योजनांची हजेरीची अट एकसारखी नाही. राजर्षी शाहू योजनेत मागच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरी मागितली आहे, नव्यानं प्रवेश घेतलेल्यांना त्यातून सूट. पण परीक्षेला बसू देण्याचा ७५ टक्क्यांचा नियम त्यानं टळत नाही. तेव्हा डोळ्यापुढे ७५ हाच आकडा ठेवा.

निकाल: पास, एटीकेटी, नापास आणि राखीव

पास झालात तर पुढच्या भागाकडे वळा.

एटीकेटीचं जरा नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत हे पहिल्यापासून धरलेलं आहे: खालच्या वर्गातले विषय राहिलेले असले, त्यांची परीक्षा पुन्हा द्यायची असली, तरी विद्यापीठाच्या नियमानं विद्यार्थी वरच्या वर्गात गेला असेल तर वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती त्याला मिळते, बाकी पात्रता असली की झालं. थोडक्यात, पुढच्या वर्गात प्रवेश मिळाला का, हा खरा प्रश्न. मिळाला असेल तर फॉर्म भरायचा. मार्कशीटवर लाल रेघा किती आहेत हे बघून घरी बसायचं नाही.

किती विषय राहिले तर वर जाता येतं, हे विद्यापीठागणिक आणि अभ्यासक्रमागणिक बदलतं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीमची कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाकडे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाकडे. स्वायत्त कॉलेजांचे नियम त्यांचे स्वतःचे. भाऊ नागपूरला शिकला तेव्हा चार विषय चालायचे, म्हणून गडचिरोलीत तुम्हालाही चालतील असं नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात विषयांसोबत क्रेडिटही मोजतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या सिनिअरचा सल्लाही जुना झालेला असू शकतो. कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन आपल्या अभ्यासक्रमाचा नियम विचारा आणि जमलं तर झेरॉक्स मागून घ्या.

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फारसं कोणी अडकत नाही. खरी खिंड तिसऱ्या वर्षाच्या दारात असते. बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत, इंजिनिअरिंगमध्ये तर हमखास, पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षात घेत नाहीत. पहिल्या वर्षाचा गणिताचा एक पेपर "बघू पुढे" म्हणत ठेवला, आणि त्या एका पेपरपायी इयर डाऊन झालं, असं होतं. इयर डाऊन म्हणजे त्या वर्षी पुढच्या वर्गाची शिष्यवृत्ती नाही, वर खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च सुरूच. म्हणून राहिलेला विषय पहिल्याच हिवाळी परीक्षेत काढायच्या तयारीनं बसा. त्या विषयाचा परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो, त्याची तारीखही नियमित फॉर्मच्या आधी येऊन जाऊ शकते. नोटीस बोर्डावर तो कागद बारीक अक्षरात लागतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर येईलच असं नाही.

नापास म्हणजे वर्ग तोच राहिला. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर योजनेत एखाद्या वर्गात पहिल्यांदा नापास झालात तर परीक्षा शुल्क आणि निर्वाह भत्ता मिळतो. त्याच वर्गात दुसऱ्यांदा नापास झालात तर भत्ता नाही आणि शुल्कही नाही, पुढच्या वर्गात जाईपर्यंत खर्च आपला. दुसऱ्या योजनांत हा नियम कसा आहे ते महाडीबीटीवर त्या योजनेच्या पानावर 'पात्रता' या मथळ्याखाली असतं. पान इंग्रजीत उघडलं तर वर भाषा बदलायची सोय आहे. तिथे लिहिलेलं स्वतः वाचा. नेटकॅफेवाल्याला सगळ्या योजना तोंडपाठ असाव्यात अशी अपेक्षा चुकीची.

परीक्षेलाच बसता आलं नाही, म्हणजे मोठं आजारपण आलं किंवा घरात अचानक काही घडलं, तर त्यासाठीही केंद्राच्या मॅट्रिकोत्तर नियमांत वाट ठेवलेली आहे. वैद्यकीय दाखला किंवा दुसरा पुरावा द्यायचा आणि हा विद्यार्थी बसला असता तर पास झाला असता, असं संस्थाप्रमुखांनी लिहून द्यायचं. अंतर्गत परीक्षांचे गुण आणि हजेरी चांगली असेल तरच प्राचार्य असं लिहून देतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

चौथा प्रकार म्हणजे निकाल राखीव, म्हणजे विद्यापीठानं रोखून ठेवलेला. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण विद्यापीठाकडे पोचलेले नसतात, मागचं मार्कशीट किंवा स्थलांतर प्रमाणपत्र जमा नसतं, नाहीतर बैठक क्रमांकात गोंधळ असतो. मुलगा वाट पाहत राहतो, शिष्यवृत्तीची मुदत निघून जाते. निकाल लागल्यापासून आठवडाभरात परीक्षा विभागात जाऊन कारण काढा. कारण कॉलेजच्या बाजूचं असेल तर विद्यापीठाला गेलेल्या पत्राची प्रत घ्या. पुनर्मूल्यांकनाला टाकलं असेल तर त्याची पावती जपा, पण फॉर्म थांबवू नका. आज जो निकाल हातात आहे तोच भरा.

विषय, कॉलेज किंवा अभ्यासक्रम बदलण्याआधी

बीएस्सी जमत नाही म्हणून बीएला, अमरावती नको म्हणून नागपूरला, असे निर्णय जुलैत घाईघाईनं होतात. मॅट्रिकोत्तर योजनेत एकाच पातळीवरची दुसरी पदवी, म्हणजे बीए झाल्यावर पुन्हा बीएस्सी किंवा एका विषयात एमए झाल्यावर दुसऱ्यात एमए, याला शिष्यवृत्ती नाही. एक व्यावसायिक पदवी पूर्ण करून दुसऱ्या व्यावसायिक पदवीला गेलात, उदाहरणार्थ बीएडनंतर एलएलबी, तरी नाही. मधेच व्यावसायिक अभ्यासक्रम सोडून अव्यावसायिकला गेलात तरी अडचण येते. अशा वळणावर असाल तर आधी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास कार्यालयात विचारा, नंतर टीसी काढा.

खंड पडला असेल तर त्याचं शपथपत्र लागतं. राजर्षी शाहू योजनेत अभ्यासक्रम चालू असताना दोन किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही.

नूतनीकरणाचा फॉर्म

उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात करा. त्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, बहुधा ३१ मार्च. मागच्या वर्षीचा दाखला पुन्हा चिकटवला की फॉर्म परत येणार. सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. निकाल लागल्यावर तिथे किती रांग असते ते तुम्हाला माहीत आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते अजून आलं नसेल तर जात पडताळणी समितीकडे प्रकरण कुठे आहे ते आत्ताच बघा.

मग लॉगिन. इथली सगळ्यात मोठी डोकेदुखी मोबाइल नंबरची. पहिल्या वर्षी फॉर्म नेटकॅफेत भरला, ओटीपी पटकन यावा म्हणून त्यानं स्वतःचा नंबर टाकला, आणि आता ते दुकान बंद. किंवा नंबर काकाच्या मुलाचा, तो सुरतला. लॉगिन चालू असतानाच प्रोफाइलमध्ये स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकून घ्या. युजर आयडी आणि पासवर्ड मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू नका, वहीत लिहा. मोबाइल हरवतो.

लॉगिन झालं की योजनेच्या जागी नूतनीकरणाचा, म्हणजे 'रिन्यूअल'चा पर्याय दिसायला हवा. मागच्या वर्षीचा अर्ज मंजूर झालेला असेल तरच तो दिसतो. दिसत नसेल तर नवा अर्ज टाकून मोकळे होऊ नका, आधी मागचा अर्ज कुठे अडकला ते बघा. कित्येकदा तो कॉलेजच्या लॉगिनमध्येच पडून असतो.

सध्याच्या अभ्यासक्रमाच्या पानावर सावकाश जा. मागच्या वर्षाच्या ओळीत निकाल भरायचा आणि या वर्षाची नवी ओळ चालू म्हणून दाखवायची. एटीकेटी असेल तर एटीकेटीच लिहा. टक्केवारी सुधारून लिहिली किंवा पास टाकलं तर जोडलेल्या मार्कशीटशी जुळत नाही आणि अर्ज लबाडीत धरला जातो. खोटी माहिती देऊन घेतलेली शिष्यवृत्ती रद्द होते आणि वसूलही होते. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर टक्केवारी विद्यापीठाच्या सूत्रानं काढा. सूत्र बहुधा मार्कशीटच्या पाठीमागे छापलेलं असतं. मूळ मार्कशीट आलं नसेल तर ऑनलाइन निकालाच्या प्रिंटवर कॉलेजचा शिक्का व सही घ्या.

कागद जोडताना फोटो तिरका, सावली पडलेला नको. मार्कशीटचे चारही कोपरे दिसले पाहिजेत. आणि एक बटन आहे, 'राइट टू गिव्ह अप' नावाचं. म्हणजे लाभ स्वतःहून सोडतो. काहीजण ते पुढचं पान समजून दाबतात. त्याला हात लावू नका.

फॉर्म सादर झाला की प्रिंट काढा, त्याला सगळ्या कागदांच्या झेरॉक्स लावा आणि कॉलेजात जमा करून पोच घ्या. पोच म्हणजे प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही. बाबू म्हणतील, "ठेवून जा, बघतो." तरी पोच मागा.

फॉर्म गेल्यानंतर

अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याच्या कार्यालयात: अनुसूचित जातीचा समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे, आदिवासी मुलांचा प्रकल्प कार्यालयाकडे. धारणी, पांढरकवडा, पुसद, देवरी, चिमूर, अहेरी, भामरागड इथे अशी प्रकल्प कार्यालयं आहेत. आठवड्यातून एकदा लॉगिन करून अर्ज कोणाच्या टेबलावर आहे ते बघा. 'सेंड बॅक' दिसलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ त्रुटी आहे, दुरुस्त करून पुन्हा पाठवा. घाबरायचं ते तीन महिने लॉगिनच न केल्यामुळे 'सेंड बॅक' तसंच पडून राहण्याला. मुदतवाढ बहुधा मिळते म्हणून थांबणारे असतात. मुदतवाढ विद्यार्थ्याला मिळते तेव्हा कॉलेजच्या बाबूसमोर शेकडो अर्ज साचलेले असतात, आणि तुमचा तळाशी असतो.

पैसे मंजूर झाले पण आले नाहीत, ही तक्रार निघाली की आधी आधार सीडिंग, म्हणजे कोणतं खातं आधारशी जोडलेलं आहे, ते बघा. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. सरकारी पैसा एकाच खात्यात येतो, जे आधारला सगळ्यात शेवटी जोडलं गेलं त्यात. सिमकार्ड घेताना दुकानदारानं उघडून दिलेल्या पेमेंट बँकेत शिष्यवृत्ती जाऊन पडलेली आणि मुलाला पत्ताच नाही, हे नेहमीचं आहे. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, तिथे बँकेचं नाव दिसतं. शाळेत असताना उघडलेलं खातं असेल तर १८ पूर्ण झाल्यावर त्याची केवायसी नव्यानं करावी लागते, नाहीतर ते गोठतं. बँक दूर असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं आधारशी जोडलेलं खातं पोस्टमनकडून गावातच उघडता येतं. दुर्गम भागात मला हाच मार्ग सोयीचा वाटतो. लॉगिनमध्ये रक्कम 'रिडीम' करायचा पर्याय आला असेल तर तोही पूर्ण करा.

आणि घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा: खात्यात आलेली सगळी रक्कम आपली नसते. अनुसूचित जातीच्या योजनेत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातला शुल्काचा भाग कॉलेजला भरायचा असतो. फवारणीच्या औषधाची उधारी त्यातून फेडली गेली, तर पुढच्या सत्राला कॉलेज थकीत फी दाखवतं आणि गाडी तिथेच अडते. पैसे येताच कॉलेजात विचारून शुल्क भरा, पावती घ्या, उरलेला भत्ता आपला.

अर्ज नामंजूर झाला किंवा कोणी दाद देत नाही तर

नामंजुरीचं कारण लॉगिनमध्ये लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कोणाकडे जाऊ नका. कॉलेजनं नाकारलं असेल तर प्राचार्यांकडे, जिल्ह्यानं नाकारलं असेल तर जिल्हा कार्यालयाकडे. महाडीबीटीवर तक्रार नोंदवायची सोय आहे, तिथे तक्रार टाकून क्रमांक लिहून घ्या. हजेरीचा आकडा चुकला असेल तर वर्गशिक्षकांच्या सहीचा तपशील लागेल. एटीकेटीला नापास धरलं असेल तर पुढच्या वर्गातल्या प्रवेशाची पावती आणि बोनाफाईड जोडा, दोनच कागद, पण तेच मुद्द्याचे.

तोंडी तक्रारीला कागद नसतो. साध्या कोऱ्या कागदावर मराठीत अर्ज लिहा: नाव, अर्ज क्रमांक, योजना, वर्ष, अडचण काय आणि हवं काय, एवढंच, एका पानात. आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहितीच्या अधिकारात विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तोही नाही, आणि माहिती ३० दिवसांत द्यावी लागते.